कागदावरचं तिसरं नाव

१

भाड्याचं घर सोडायचं तर घरमालकाला एक महिना आधी लेखी कळवायचं असतं. ॲग्रीमेंटमध्ये तसं कलमच असतं आणि ते सहसा कोणी वाचत नाही. नितेशने मात्र ते चार वेळा वाचलं. वाचायची गरज नाही तिथे वाचत बसायचं आणि बोलायची वेळ आली की गप्प राहायचं, हा त्याचा जुना स्वभाव. रोह्याच्या एका कंपनीत तो प्लँट ऑपरेटर होता. शिफ्टमध्ये बसून त्याने अर्ज तीनदा लिहिला, दोनदा फाडला. मजकूर चार ओळींचा. पत्नीला पेणच्या शाळेत नोकरी लागली आहे, रोजची ये-जा जमत नाही, तरी पुढल्या महिन्याच्या अखेरीस आम्ही आपली जागा सोडत आहोत. यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी कागद खिशात घालून जिना उतरताना त्याला चोरी करून निघाल्यासारखं वाटत होतं.

रविवारची सकाळ होती. रोह्याजवळच्या वरशातल्या त्या घराच्या अंगणात धोंडुबाई वालाच्या शेंगा पसरत बसली होती. घर तिचं. खाली ती एकटी राहायची आणि वरचा मजला भाड्याने द्यायची. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागे एक लहान खोली, जिना बाहेरून. नवरा गेल्यावर भातशेती एकटीने ओढलेली बाई, त्यामुळे गोड बोलायची सवय तिला कधी लागलीच नव्हती. गेले काही महिने तर नितेशशी ती फारच तुटक वागत होती. का, ते त्याने विचारलं नव्हतं.

“आजी, नोटीस द्यायची होती.”

“वाच,” धोंडुबाई म्हणाली. “माझ्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाय.”

त्याने वाचलं. ती शेंगा सारखी करत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, “सही दोघांचीच?”

“हो. मी आणि समीक्षा.”

“आपल्या कागदावर तर तीन माणसं हायत.”

नितेशचे कान गरम झाले. याच प्रश्नाला तो भीत होता. उत्तरही त्याने जुळवून ठेवलं होतं. पण धोंडुबाई थांबली नाही.

“त्यांना सांगितलंस काय?”

“कोणाला?”

“कोणाला म्हंजे? तुझ्या बाबांना. काल मी चहा घेऊन वर गेले तवा तर ते काय बोलले नाय.” तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. “नोटीस मला काय देतोस? मला कागद मिळाला, माझं झालं. त्यांना सांग आधी. म्हातारं माणूस हाय. जागा हलवायची म्हंजे जिवाला लागतं.”

नितेशचे वडील त्या घरात एक रात्रही राहिले नव्हते.

२

मग त्यांचं नाव कागदावर कसं आलं, ते सांगायला हवं. नितेशने ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी तो घर बघायला आला तेव्हा धोंडुबाईने पहिलाच प्रश्न केला होता, “घरात मोठं कोण हाय?” नुसत्या नवरा-बायकोला ती जागा देत नसे. दोघं कामावर गेली की दिवसभर वर कुलूप, आणि दिवसभर कुलूप लागलेलं घर तिला पटत नव्हतं. घरात एक म्हातारं माणूस हवं, दिवेलागणीला कोणी आत असायला हवं, एवढीच तिची अट. नितेशने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “माझे बाबा आहेत ना. तेच राहणार आहेत आमच्याकडे.”

बाबा म्हणजे पुंडलिक. कासूच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात राहायचे. चाळीस वर्षं मिठागरात राबलेला माणूस. मिठाच्या पाण्यात उभं राहून त्यांचे पाय असे फुटले होते की चप्पल चढत नसे. बायको जाऊन सात वर्षं झालेली. पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूंच्या फॉर्मवर लावायला फोटो हवा म्हणून नितेशने त्यांना पेणला बोलावलं तर ते धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून आले. स्टुडिओतल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून ताठ बसले. बाहेर आल्यावर विचारलं, “मंग कवा येव रं मी?”

“दिवाळी होऊ दे, बाबा. घर लावून घेतो, मग न्यायला येतो.”

दिवाळी झाली. मग होळी झाली. मग दुसरी दिवाळी झाली. बाबांना त्याने सांगितलं की समीक्षाला अजून अवघडल्यासारखं होतंय. समीक्षाला सांगितलं की बाबांना गाव सोडवत नाही. ती बिचारी दोनदा म्हणाली, “मी बोलू का त्यांच्याशी?” तो म्हणाला, “नको, हट्टी आहेत.” दोन्हीकडे दोन थापा मारून हा मध्ये सुखाने राहत होता. धोंडुबाईने पहिले दोन-तीन महिने विचारलं, “बाबा कवा येणार?” तो दरवेळी म्हणायचा, येतील. गेल्या पावसाळ्यानंतर तिने विचारणं बंद केलं. ती विसरली असेल असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

खरं कारण फार लहान होतं. त्याला बापाची लाज वाटायची. त्यांच्या पायांची, बोलीची, जेवताना होणाऱ्या आवाजाची. एकदा ते न सांगता कंपनीच्या गेटवर आले होते, पिशवीत खाडीतले ताजे निवटे मासे घेऊन. नितेश दोन साहेबांबरोबर बाहेर पडत होता. वॉचमनने विचारलं, “हे तुमचे कोण?” नितेश म्हणाला, “गावचे आहेत, ओळखीचे.” बाबांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. उलट पोराला सांभाळून घ्यावं तसे हसून वॉचमनला म्हणाले, “व्हय, गावचाच हाय मी.” पिशवी ठेवली आणि गेले.

ते निवटे नितेशने घरी नेले नाहीत.

३

नोटीस देऊन वर आल्यावर तो पहिल्यांदा मागच्या खोलीत गेला. तिथे सामान ठेवत असत. एक घडीची खाट, पंख्याचं खोकं, समीक्षाच्या पुस्तकांच्या गोण्या. खिडकी शेताकडे. खोलीत कोणी नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे त्याने स्वतःला बजावलं. एकटं राहून माणूस भ्रमिष्ट होतं. कोणाला चहा देते, कोणाशी बोलते, देव जाणे.

खाट मात्र उघडलेली होती. ती त्याने उघडली नव्हती.

“खाट तू उघडलीस?”

“मी कशाला उघडू?” समीक्षा स्वयंपाकघरातून म्हणाली. “तूच पडत असशील दुपारचा, सेकंड शिफ्टच्या आधी. परवा पंखाही चालू ठेवून गेला होतास.”

तो पडत नव्हता. पण हो म्हणाला.

खाटेसमोर फरशीवर पांढरट डाग होते, दोन, शेजारी शेजारी. त्याने बोट फिरवलं तर भुकटी आली. लोणा लागलाय, तो पुटपुटला. कोकणातल्या ओल्या भिंतींना असा पांढरा खार फुटतोच. मग त्याच्या लक्षात आलं की भिंती कोरड्या आहेत. त्याने ओल्या फडक्याने फरशी पुसली, खाट मिटून भिंतीला लावली, दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आला तेव्हा खाट उघडी होती.

४

तो महिन्यातून एकदा बाबांना फोन करायचा. एक मिनिट, फार तर दोन. जेवलात का, औषध घेता का, बरं आहे ना. पलीकडून दरवेळी एकच उत्तर यायचं, बरा हाय. त्या बुधवारी त्याची सुट्टी होती, समीक्षा शाळेत होती. त्याने पुढच्या खोलीच्या खिडकीत उभं राहून फोन लावला. तीनला एखादं मिनिट कमी होतं.

“बाबा, बरे आहात ना?”

“बरा हाय.”

“कुठे आहात?”

असं त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.  पलीकडून बाबांचा तो घोगरा, मऊ आवाज, “घरान हाय रं. आनिक कुठं जाव?”

“जेवलात?”

“बाईनं चाय दिली. बिस्कुट दिला.”

कुठल्या बाईने, हे विचारायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात कंपनीचा तीनचा भोंगा झाला. शिफ्ट बदलाचा भोंगा, वरशात घराघरात ऐकू येतो. नितेशच्या डाव्या कानात तो खिडकीतून आला. उजव्या कानात फोनमधून.

कासूपलीकडच्या खाडीत भोंगा नाही.

आपल्याच फोनने आपला आवाज उचलला, तो म्हणाला. असं होतं. तांत्रिक गोष्ट आहे, तो स्वतः टेक्निकल माणूस आहे. भोंगा थांबला. डाव्या कानात शांतता झाली, उजव्या कानात कोणीतरी श्वास घेत होतं. मागच्या खोलीचं दार बंद होतं. जाऊन ते उघडायला सात पावलं पुरली असती. त्याने फोन ठेवला, चप्पल घातली आणि समीक्षा येईपर्यंत नाक्यावर बसून राहिला.

५

रविवारी त्याने मोटारसायकल काढली. समीक्षाला सांगितलं, बाबांना भेटून येतो. ती खूश झाली. डब्यात नारळाच्या वड्या भरून दिल्या आणि म्हणाली, “पेणला तरी आता आणूया त्यांना. कासू तिथून जवळ पडेल.”

कासूवरून आत वळलं की रस्ता बांधाने जातो. दोन्ही बाजूंना ओस पडलेली मिठागरं, त्यात साचलेलं पाणी. घराला कुलूप होतं. कुलपावर गंज होता. दारासमोर पालापाचोळा साचला होता, त्यावरून कोणी चाललेलं दिसत नव्हतं. नितेश डबा हातात घेऊन उभा राहिला.

शेजारची हौसा पदराला हात पुसत बाहेर आली. तिने त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. “नितेश? तू रं कसा इकरं? काय विसरला काय म्हातारा?”

“कोण?”

“तुझा बापूस. काय राह्यलाय काय त्याचा घरान, न्यायला आलास?” ती हसली. “भादव्यात गणपती गेलं नं, त्याचे दुसरे दिवशी गेला नं तुझ्याकरं. पेटी घेतली, नवा सदरा घातला. मी बोलली, पोराला फोन कर, न्यायला येल. तर बोलला, मना कशाला बोलवाला पायजे? माझा नाव हाय तिकरं कागदावर.”

भादव्याला सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत नितेशने सहा फोन केले होते, आणि सहाही वेळा पलीकडून ‘बरा हाय’ असं आलं होतं.

“चालत गेला फाट्यापरत,” हौसा सांगत होती. “पाय तसलं, तरी चालत. किती खूश व्हता म्हणून सांगू. बरा हाय नं आता?”

आता बोलायला हवं होतं. मावशे, बाबा माझ्याकडे पोचलेच नाहीत. एवढंच वाक्य. ते बोललं असतं तर गाव जमलं असतं, माणसं धावली असती, खाडी धुंडाळली असती. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य उभं होतं. आणि मला ते सहा महिने कळलंही नाही. हौसाचा चेहरा ते ऐकून कसा होईल, ते नितेशला दिसलं.

“बरे आहेत,” तो म्हणाला.

“सुनेनं सुखान ठेवला असंल.”

“हो.”

नारळाच्या वड्या त्याने हौसाला देऊन टाकल्या. म्हाताऱ्याने पाठवल्या असं समजून तिने डबा कपाळाला लावला.

परतताना तो रोह्याच्या पोलीस ठाण्याच्या दारात दहा मिनिटं उभा होता. माणूस हरवल्याची तक्रार द्यायची तर पहिला प्रश्न येणार, कधीपासून? दुसरा येणार, राहायला कुठे होते? भाडेकरूंच्या माहितीचा फॉर्म त्यानेच तर याच ठाण्यात भरून दिलेला. त्यावर पुंडलिक वरशालाच राहत होते, फोटोसकट. खाई त्याला खवखवे. त्याने गाडी चालू केली.

त्यानंतर त्याने बाबांना फोन केला नाही. उचलला नाही तर काय, याची भीती नव्हती. उचलला तर काय, याची होती.

६

महिना सरत चालला. धोंडुबाई दिसली की एकच विचारायची, “सांगितलंस काय त्यांना?” तो म्हणायचा, सांगतो. ते तिला खरं वाटत नसे. एकदा न राहवून ती बोललीच.

“तुला बोलत नाय म्हणून समजू नको की मला दिसत नाय. तुम्ही घरात असलात की ते बाहेर येत नायत. का, तर सुनेला अवघडल्यागत होतं. हे त्यांना कोणी सांगितलं? तू. मागल्या खोलीत बसून असतात दिवसभर, खिडकीला तोंड करून. जेव म्हटलं तर म्हणतात, पोरगा आला की जेवीन. असा कोणता गुन्हा केलाय त्यांनी?”

नितेश मान खाली घालून ऐकत होता. एक वाक्य बोललं की ही बाई गप्प होणार होती. आजी, वर कोणी नाही. पण तसं म्हणायचं तर पहिल्या दिवशी मी खोटं बोललो, हेही म्हणायला लागणार. आणि समीक्षा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. म्हणून तो म्हणाला, “चुकलं माझं.” हे मात्र त्याने मनापासून म्हटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी तो फर्स्ट शिफ्टला म्हणून निघाला आणि वळसा घालून परत आला. समीक्षा गेली होती. मागल्या आंब्याखाली तो उभा राहिला. दहाच्या सुमारास धोंडुबाई कपबशी घेऊन, कठड्याला धरत जिना चढली. वरच्या मजल्याची एक चावी तिच्याकडे असायची. नितेश तिच्यामागून पाय न वाजवता अर्ध्या जिन्यापर्यंत गेला.

ती बोलत होती. “गरम हाय, सांभाळून.” मग थांबली. “नाय, पाऊस कसला आता? शिमगा आलाय.” मग थांबली, जरा जास्त वेळ. “त्ये मी काय सांगू? तुमच्या पोरालाच विचारा.” पुन्हा थांबली, आणि मग अशी हसली, जशी ती नितेशशी कधी हसली नव्हती. दुसरा आवाज काही केल्या ऐकू येत नव्हता. पण तिचं थांबणं बरोबर तेवढं होतं, जेवढा वेळ हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्याला एक वाक्य बोलायला लागतो.

ती बाहेर आली तेव्हा कप रिकामा होता. नितेशला बघून ती दचकली नाही.

“आता आलास तर दोन शब्द बोल,” म्हणाली आणि उतरून गेली.

तो आत गेला. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खाट रिकामी होती. पण खाटेच्या पट्ट्या मधोमध खाली दबलेल्या होत्या, आणि तो बघत असतानाच हळूहळू वर आल्या, कोणी नुकतंच उठल्यावर येतात तशा. खोलीत चिखलाचा वास होता, ओहोटीनंतर खाडीला येतो तो. लहानपणी बाबा कामावरून आले की घरभर तोच वास पसरायचा आणि तो धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारायचा. तेव्हा लाज कुठे होती?

“बाबा,” त्याला म्हणायचं होतं. त्याने जाऊन खिडकी उघडली, वास जावा म्हणून.

७

सामान हलवायचा दिवस. टेम्पो अंगणात लागला, हमालांनी तासाभरात सगळं उतरवलं. मागच्या खोलीतलं खोकं नेलं, गोण्या नेल्या. “ती खाट राहू दे,” नितेश म्हणाला, “ती इथलीच आहे.” समीक्षाने वळून त्याच्याकडे बघितलं. पेणच्या एजंटकडे त्याने नव्या फ्लॅटचा फॉर्म भरून दिला होता. राहणाऱ्या व्यक्ती किती? दोन. या वेळी कोणी अट घातली नव्हती, त्यामुळे खोटं लिहायची गरज पडली नव्हती. खरं लिहायला त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता.

समीक्षा देवाची पेटी मांडीवर घेऊन टेम्पोत बसली. नितेश शेवटचं बघून येतो म्हणून वर आला, तर उंबऱ्यावर धोंडुबाई नारळ घेऊन उभी होती.

तिच्याकडची रीत अशी. घर सोडताना जाणाऱ्यांतल्या मोठ्या माणसाने उंबऱ्यावर नारळ ठेवून घराला सांगायचं, इतके दिवस सांभाळलंस, आता आम्ही निघालो, आमच्यातलं कोणी मागे ठेवू नको. मग एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. हाक मारली की माणूस निघतं.

“मोठ्याने सांगायचं असतं,” धोंडुबाई म्हणाली. “बोलव त्यांना.”

“आजी...”

“सांगितलं नायस ना अजून?” तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. “मला वाटलंच. सकाळपासून विचारतायत, ही माणसं कशाला आलीत, सामान कुठं चाललंय. मी काय सांगू? मी त्यांची कोण?” तिने नारळ त्याच्या हातात दिला. “मी खाली जाते. बापलेकाच्या मध्ये मी नको. तू हाक मार. हाक मारल्याशिवाय ते यायचे नायत. येवढे दिवस तुझ्या हाकेचीच वाट बघितली त्यांनी.”

ती एकेक पायरी उतरून गेली. वर नितेश एकटा राहिला. रिकाम्या घरात स्वतःच्या श्वासाचासुद्धा आवाज होत होता. उंबऱ्यावरून सरळ मागच्या खोलीचं दार दिसत होतं, आणि दारातून खाटेची खालची कड. त्या कडेशी, फरशीला टेकलेले दोन पाय होते. पोटऱ्यांपर्यंतच दिसत होते. टाचा फुटलेल्या, भेगांतून पांढऱ्या. अंगठे जवळ घेतलेले, परक्या घरी बसलेला माणूस घेतो तसे. बाकी सगळं दाराआड.

त्याला भीती वाटली. नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण भीतीहून मोठं दुसरंच काही होतं. त्याच्या डोळ्यांपुढे पेणचा नवा फ्लॅट आला, लिफ्ट आली, शेजाऱ्यांची स्वच्छ पोरं आली, समीक्षाच्या शाळेतल्या बाई आल्या, आणि त्या सगळ्यांमधून हे पाय चालत येताना दिसले. जे काही तिथे बसलं होतं ते जिवंत असो की नसो, ते त्याच्याबरोबर यायला तयार बसलं होतं. त्याने फक्त हाक मारायची होती.

त्याने नारळ उंबऱ्यावर ठेवला.

“बाबा,” तो म्हणाला.

तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. उद्या कोणी विचारलं, तर मारली होती हाक, असं सांगता यावं, एवढीच ती हाक होती. आणि म्हणता म्हणताच त्याने बाहेरून घराचं दार ओढून घेतलं आणि कडी सरकवली.

कडी पुरती बसायच्या आत आतून खाटेची करकर ऐकू आली. गुडघ्यांवर हात टेकून कोणी उठत होतं.

“आलू रं पोरा. जरा थांब. पाय उचलत नाय.”

पावलं आली. एक, मग दुसरं, मध्ये बराच वेळ. ती दाराशी येऊन थांबली. नितेशचा हात अजून कडीवर होता. बाहेर ऊन होतं, खाली टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न दिला आणि समीक्षाने हाक मारली, “झालं का रे?”

“झालं,” तो वरून म्हणाला.

तेव्हा आतून दारावर एकदाच थाप पडली. अगदी हलकी. आत माणसं असतील, त्यांना त्रास नको म्हणून मारावी तशी.

नितेश जिना उतरला.